मदत हवी आहे : पनीरच्या पाण्याचं काय करू? (अर्जंट)

मलप्रभाकाठ
बेळगावजवळ खानापूर रोडला माझं लहान पनीर युनिट आहे. पंचायतीची नोटीस आलीय, १५ दिवसांत पाणी बंद करा नाहीतर टाळं ठोकू. शेजाऱ्याच्या विहिरीला वास येऊलाय म्हणे. गटारात काळा चिखल झालाय आणि वर पांढरा तवंग धरतो हे खरं, पण रसायन काही नाही वो, दुधाचंच पाणी! शोषखड्डा भरला. उद्या सकाळी जेसीबी येतोय, दुसरा काढायला. अजून काय करता येईल? लवकर सांगा.

उसाचा_फड
रोज किती लिटर? विहीर खड्ड्यापासून किती लांब? हे न सांगता आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

सीमावासी
नोटीस कन्नडमधूनच असणार. मराठीतून मागा, हक्क आहे आपला.

मलप्रभाकाठ
कन्नडमधूनच आहे, पोराकडून वाचून घेतली. दूध ५०० लिटर. विहीर तीसेक पावलं.

डेअरीत_२२_वर्षं
आधी जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणा. ५०० लिटर दुधाला रोज ४०० लिटरच्या आसपास निवळ, म्हणजे पनीरचं पाणी, निघते. दुधाचं पाणी आहे म्हणूनच तर घोळ आहे. दुधातली जवळजवळ सगळी साखर त्यात उतरते. निवळीचा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप) लिटरला ३०-५० हजार मिलिग्रॅम, आणि ओढ्यात सोडायची मर्यादा ३०. हजार नव्हे, नुसते ३०. अडीच-तीनशे माणसांच्या सांडपाण्याएवढा भार तुम्ही एकटे सोडताय. दुसरा खड्डाही महिन्यात बुजेल आणि पाझर त्याच विहिरीला जाईल.

कुंदा_खाऊ
त्यातून प्रोटीन पावडर काढा की! जिमवाले डबेच्या डबे घेतात.

डेअरीत_२२_वर्षं
ती चीजच्या निवळीतून निघते. पनीरला दूध ९० अंशाला तापवतो, तेव्हा ते प्रोटीन बरंचसं पनीरमध्येच धरलं जातं. उरते ती साखर आणि क्षार. पावडरच्या मशिनरीच्या पैशात तुमचं युनिट चारदा विकत येईल.

गोबरगॅसवाला
एकच उपाय, गॅस प्लांट. आमच्या प्लांटात शेणाबरोबर निवळ जाते, दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर होतो.

उसाचा_फड
नुसती निवळ ओतली तर प्लांट आंबून बंद पडतो, हेही सांगा. त्यापेक्षा दहापट पाणी घालून उसाला सोडा.

गोबरगॅसवाला
शेण जास्त, निवळ कमी, आणि हळूहळू वाढवत न्यायची. मी नुसती ओता म्हटलं कुठं? आणि पावसाळ्यात तुमच्या उसाला पाणी हवंय कुणाला?

डेअरीत_२२_वर्षं
दोघांचं थोडं थोडं बरोबर. पण मूळ प्रश्न राहिलाच : दूध कशानं फाडता? आणि भांडी धुतलेलं पाणी त्याच नाल्यात जातं का?

मलप्रभाकाठ
लिंबूसत्त्वानं फाडतो. धुण्याचं पाणी पण तिथंच. कॉस्टिक सोडा वापरतो, त्यात काय?

डेअरीत_२२_वर्षं
हे तुम्ही आत्ता सांगताय! रसायन नाही म्हणाला होता ना? दोन पाइप वेगळे करा, उद्या जेसीबीऐवजी प्लंबर बोलवा. कॉस्टिकचं पाणी ना गॅसला चालेल, ना उसाला, ना जनावराला. नुसती निवळ वेगळी निघाली की रोज वीस-तीस लिटर झाकून आंबवा आणि दुसऱ्या दिवशी दूध फाडायला तीच वापरा, लिंबूसत्त्व कमी लागेल. थोडी कणकेत घाला, भाकरीलाही चालते. बाकीची ताजी असतानाच गोठेवाल्याला द्या. जनावराला पहिल्या दिवशी बादलीभर नको, पातळ शेण टाकतं.

सीमावासी
बेळगावचं नाव २०१४ ला बदललं, नोटिसांची भाषा मात्र...

कुंदा_खाऊ
धागा पाण्याचा आहे वो, पाण्यावर बोला.

मलप्रभाकाठ
जेसीबी नको म्हणून सांगितलं. वैतागला, ॲडव्हान्स परत देणार नाही म्हणतोय. ज्यानं तक्रार केली त्याच्याकडंच सहा म्हशी आहेत, त्याला विचारू का?

गोबरगॅसवाला
विचारा. आणि शेण किती निघतं तेही विचारून घ्या, प्लांटचं माप मी सांगतो.

कुंदा_खाऊ
पनीर काय किलो देता?