मदत हवी आहे: चौथा पिक, एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक आणि चाळणी झालेली लाईन

मंडळी, गुरुवारी रात्री नऊपर्यंत ठरवायचंय. मग ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड, सुरू होतो आणि माझी पाळी चौथी.

बत्तीस जणांची आमची लीग आहे, फुटबॉल जीएम या कॉम्प्युटर गेमवर. (हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल.) आपण फक्त संघ चालवायचा, सामने कॉम्प्युटर खेळतो. कमिशनर आठवड्यातून दोनदा फाईल पुढे सरकवतो आणि आम्ही स्कोअर बघून हळहळतो. बायको म्हणते, घरबसल्या हरून इतका दमणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी कोलंबसला राहतो, ओहायोत, म्हणून क्लीव्हलंड माझ्या गळ्यात. यंदा ४ जिंकले, १३ हरले. हातात पहिल्या फेरीतले दोन पिक (निवडीच्या पाळ्या): माझा स्वतःचा ४ नंबरचा आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) विकून मिळवलेला २२ वा.

दुखणं दोन ठिकाणी आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) ३४ वर्षांचा, रेटिंग ६१, आणि ऑफेन्सिव्ह लाईन (त्याला वाचवणारी फळी) इतकी भिकार की त्या बिचाऱ्याला सीझनभरात ७१ वेळा आडवा पाडलाय.

समोर तीन वाटा:

क्वार्टरबॅक, वय २१, रेटिंग आज ४४, पोटेन्शियल (पुढे जाऊन होईल असं) ७०.

लेफ्ट टॅकल (त्या फळीतला डावीकडचा), वय २३, आज ५८, पोटेन्शियल ६२.

किंवा दहाव्या नंबरवाला म्हणतोय, तुझा ४ दे, माझा १० आणि ४२ घे.

एक घोळ माझाच. गेल्या वर्षी पैसे वाचवायला स्काउटिंगचं (नवे खेळाडू पारखण्याचं) बजेट कापलं. त्यामुळे हे आकडे किती खरे, देव जाणे.

आणि २२ ची वेगळीच धास्ती. एनएफएल या खऱ्या लीगमधल्या क्लीव्हलंडने २२ व्या नंबरवर तीनदा क्वार्टरबॅक घेतला: २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २०१२ मध्ये ब्रँडन वीडन, २०१४ मध्ये जॉनी मॅन्झिएल. तिघंही फसले, पुढचं सांगत बसत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तळटीप
धागाकर्ते, आधी सौद्याचा हिशेब करा. डॅलस संघाचा तेव्हाचा कोच जिमी जॉन्सन याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पिकांचा भाव ठरवायला तक्ता केला होता, त्यात पहिल्या पिकाला ३००० गुण. तुमच्या चौथ्याला १८००, दहाव्याला १३००, बेचाळिसाव्याला ४८०. म्हणजे तो १७८० देतोय. वीस गुण कमी. सहाव्या फेरीतला एखादा पिक वर मागा, देईल. वर चढायची घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

गुळपोळी
यंदा पीक कसं आहे म्हणायचं मग? :)

बांधावरचा
तळटीप, तक्ता बरोबर आहे, पण तो माणसांच्या लीगसाठी. इथे सॉफ्टवेअर कशाला किती वजन देतं ते बघायला हवं. क्वार्टरबॅक सगळ्यात जड. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या लाईन. रनिंग बॅकला मात्र फारसं कोणी विचारत नाही, तेव्हा तो विकलात हे झकास केलंत.

धागाकर्ते, ४४ बघून बिचकू नका. एकविसाव्या वर्षी क्वार्टरबॅक असाच दिसतो. तो हळूहळू पिकतो आणि मग पस्तिशीपर्यंत टिकतो. रनिंग बॅकचं उलटं, पंचविशी-सव्विशीत ऐन भरात आणि मग घसरण. तुमचा म्हातारा अजून दोन वर्षं ओढेल. तोवर पोराला बाकावर बसवा. मी असतो तर डोळे मिटून घेतला असता.

गावठी_कोच
डोळे मिटून घेऊ नका हो. पोटेन्शियल ७० म्हणजे ७० होणारच असं नाही, तो अंदाज आहे, आणि वय जितकं कमी तितका हुकायला वाव जास्त. त्यात यांनी स्काउटिंगचे पैसे वाचवलेत, म्हणजे अंधूक काचेतून बघून मुलगी पसंत करण्यातली गत.

खऱ्या ड्राफ्टात तरी काय वेगळं होतं? १९९८ ला पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा. दोघांत कोण भारी यावर तेव्हा लोक खरंच वाद घालत होते, पुढे मॅनिंग महान ठरला आणि लीफ फसला. २००७ ला ओकलंडने जमार्कस रसेल पहिल्या नंबरवर घेतला, तीन सीझनांत सुट्टी दिली. आणि टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा, तोच पुढे दिग्गज ठरला.

सायली_टेक्सास
ब्रेडीचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं. १९९ वर निवडलेले बाकीचे कोण होते ते कोणालाच आठवत नाही, त्याबद्दल पण बोला की.

मला विचाराल तर खाली उतरा. एका आकड्यावर सगळं लावण्यापेक्षा दोन आकडे हातात असलेले बरे, एक चुकला तर दुसरा आहे. फक्त एक विचारते, तो दहावा नंबरवाला वर येऊन घेणार कोणाला? हाच पोरगा ना? मग त्याचं स्काउटिंग बजेट किती आहे बघा. त्याला तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसत असेल तर सौदा महाग पडेल.

धागाकर्ता
सायलीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बघितलं. स्काउटिंगच्या खर्चात तो लीगमध्ये तिसावा. मी एकतिसावा. म्हणजे आंधळ्याच्या हाती आंधळ्याची काठी.

एक वेडा प्रश्न: २२ व्या नंबरवर किकर (चेंडूला फक्त लाथ मारणारा) घेऊ का? पोटेन्शियल ८४ दिसतंय.

गावठी_कोच
अहो नको! २०१६ मध्ये टँपा बे संघाने सौदा करून वर येत दुसऱ्या फेरीत रॉबर्टो अग्वायो घेतला, ५९ वा पिक. एका सीझननंतर काढून टाकला. किकर शेवटच्या फेरीत घ्या, नाहीतर सुटे झालेले फिरत असतात त्यांतला उचला.

बांधावरचा
किकरबद्दल सहमत. बाकी मी माझ्या मतावर ठाम.

धागाकर्ता (शुक्रवार)
झालं एकदाचं. तळटीप म्हणाले तसा सहावा फेरीवाला मागितला. त्याने अर्धा तास भाव खाल्ला आणि दिला. चौथ्यावर त्याने क्वार्टरबॅकच घेतला. लेफ्ट टॅकल माझ्यापर्यंत पोहोचेल असं वाटलं होतं, तो आठव्यावर गेला. दहाव्यावर डिफेन्सिव्ह लाईनवाला (बचावाच्या फळीतला) घेतला, आज ५५, पोटेन्शियल ६७. बावीसला गार्ड (तोही ऑफेन्सिव्ह लाईनमधला), बेचाळीसला टॅकल, वय २२, आज ४७, पोटेन्शियल ५९. सौद्यातल्या सहाव्या फेरीत किकर, बायकोच्या आग्रहावरून, कारण त्याचं आडनाव तिला आवडलं.

बांधावरचा, रागावू नका. तो पोरगा ७० झाला तर तुम्हीच पहिले येऊन टोचाल याची खात्री आहे. खेळाडूंचे आकडे आता पुढच्या सीझनचे प्लेऑफ (शेवटचे बाद फेरीचे सामने) उरकल्यावरच हलतील, तोवर निवांत.

आता म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचा करार संपतोय आणि गडी तीन वर्षांचे पैसे मागतोय. एका वर्षावर कसं आणायचं त्याला? कोणी केलंय का?