कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींचा खर्च कॅलिफोर्निया राज्याने उचलावा का?

सह्यकडा (धागालेखन)

नोव्हेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 2 मंजूर केला आणि शैक्षणिक इमारतींसाठी 10 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढण्याची मुभा राज्याला मिळाली. त्यापैकी 8.5 अब्ज शाळांचे आणि 1.5 अब्ज कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांचे, आहेत. यापूर्वी 2016 च्या प्रस्ताव 51 मध्ये कॉलेजांचा वाटा 2 अब्जांचा होता, म्हणजे आठ वर्षांनी बांधकाम महाग झालेले असताना रक्कम मात्र घटली. मधल्या काळात, मार्च 2020 मध्ये, 15 अब्जांचा एक प्रस्ताव आला होता. तो मतदारांनी फेटाळला.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या फूटहिल–डी अँझा कॉलेज जिल्ह्याने (कॉलेज जिल्हा म्हणजे ठरावीक हद्दीतील कॉलेजे चालवणारी स्थानिक संस्था) स्वतःच्या हद्दीत 89 कोटी 80 लाख डॉलरचे स्थानिक रोखे मंजूर करून घेतले. माझा सगळा मुद्दा या दोन निकालांत आहे. राज्याने हात आखडला तरी सिलिकॉन व्हॅलीतील क्यूपर्टिनोसारख्या भागातील कॉलेजांचे फारसे अडत नाही, कारण तेथील घरांच्या किमतीच त्यांना तारतात. 2000 च्या प्रस्ताव 39 नुसार 55 टक्के मतांनी स्थानिक रोखे मंजूर होतात आणि त्यांच्या फेडीसाठी कॉलेज जिल्ह्याला मालमत्तेच्या दर एक लाख डॉलर करमूल्यामागे जास्तीत जास्त 25 डॉलर आकारता येतात. हा दर सर्वांना सारखाच असला, तरी 200 अब्जांची मालमत्ता असलेल्या जिल्ह्याला त्यातून वर्षाला 5 कोटी मिळू शकतात आणि 15 अब्जांच्या जिल्ह्याला 40 लाखांहूनही कमी. प्रयोगशाळा उभारण्याचा खर्च मात्र दोघांनाही जवळपास तितकाच येतो. राज्यात 116 कॉलेजे आणि 73 जिल्हे आहेत, आणि राज्याच्या रहिवाशांसाठी प्रति युनिट (श्रेयांक) 46 डॉलर हे शुल्क सगळीकडे एकच आहे. शुल्क एकच असेल तर इमारतीही निदान तुल्य असाव्यात, आणि ते काम राज्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

ताळेबंद

आपल्या धाग्यात कर्ज आहे, परतफेड मात्र नाही. राज्याच्या विधिमंडळ विश्लेषक कार्यालयाच्या अंदाजानुसार हे 10 अब्ज फेडण्यासाठी वर्षाला सुमारे 50 कोटी डॉलर, तेही 35 वर्षे, लागणार आहेत. म्हणजे एकूण साडेसतरा अब्जांच्या आसपास. ही रक्कम राज्याच्या सर्वसाधारण निधीतून जाईल, आणि आरोग्यापासून विद्यापीठांपर्यंत अनेकांचा खर्च याच निधीवर अवलंबून आहे.

दुसरे असे की, महासाथीच्या काळात या कॉलेजांतील विद्यार्थीसंख्या मोठ्या प्रमाणावर घसरली आणि अभ्यासक्रमांचा बराच भाग ऑनलाइन गेला, तो सगळा परत आलेला नाही. वर्ग रिकामे असताना नव्या भिंती कोणासाठी उभारायच्या? मोठा निधी एकदम हाती आला की काय होते, हे लॉस एंजेलिसने दाखवून दिले आहे: तेथील कॉलेज जिल्ह्याच्या 5.7 अब्जांच्या बांधकाम कार्यक्रमातील उधळपट्टीवर लॉस एंजेलिस टाइम्सने 2011 मध्ये लेखमालाच छापली होती. प्रस्ताव 51 ला तर तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीही उघड विरोध केला होता, आणि ते काही शिक्षणाचे वैरी नव्हते.

मर्सेडकर

ताळेबंद, आपली दोन्ही उदाहरणे आपल्याच विरोधात जातात. लॉस एंजेलिसचे ते 5.7 अब्ज स्थानिक रोख्यांचे होते. त्यात राज्याने केलेली निवड नव्हती. राज्याच्या रोख्यांतून बांधायचा कॉलेजचा प्रकल्प आधी कुलपती कार्यालयाच्या (राज्यातील सर्व कम्युनिटी कॉलेजांच्या मध्यवर्ती कार्यालयाच्या) गुणांकनातून जातो, मग अर्थ विभाग तो तपासतो आणि शेवटी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात विधिमंडळ त्याला नावानिशी मंजुरी देते. ही वाट इतकी संथ आहे की उधळपट्टीपेक्षा दिरंगाईचीच तक्रार करावी. ब्राउन यांचा रोख शाळांच्या निधीवर होता, कारण तेथे जो आधी अर्ज करील त्याला आधी पैसे मिळत आणि अर्ज तयार करायला माणसे ठेवू शकणारे श्रीमंत जिल्हे पुढे राहत. कॉलेजांना ती पद्धत लागूच नाही.

रिकाम्या वर्गांविषयी सांगायचे तर, इतिहासाचे व्याख्यान ऑनलाइन होऊ शकते. वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, दंतआरोग्य किंवा परिचारिकांचे कौशल्यवर्ग होऊ शकत नाहीत. आमच्या सॅन होआकिन खोऱ्यात, म्हणजे राज्याच्या मध्यभागातील शेतीप्रधान पट्ट्यात, लोक कम्युनिटी कॉलेजात प्रामुख्याने याच गोष्टींसाठी येतात. 1960–70 च्या दशकांत बांधलेल्या इमारतीत आजची यंत्रे बसवायची म्हटले की विजेच्या जोडणीपासून वायुवीजनापर्यंत सगळे नव्याने करावे लागते. या अर्थाने पाहिले तर मागणी नव्या वर्गखोल्यांची नाही, जुन्या इमारतींच्या आधुनिकीकरणाची आहे.

नवे_घर

एक बाजू राहून गेली. 1978 च्या प्रस्ताव 13 मुळे ज्याने चाळीस वर्षांपूर्वी घर घेतले त्याच्या घराचे करमूल्य वर्षाला फार तर 2 टक्क्यांनी वाढते, आणि ज्याने गेल्या वर्षी घेतले त्याला पूर्ण बाजारभावावर कर बसतो. स्थानिक रोख्यांची फेड याच करमूल्यावर आकारली जात असल्याने शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांत नवा मालक कितीतरी पट अधिक भरतो. फ्रीमाँट–सनीव्हेलच्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण या नव्या मालकांत मोडतात, आणि व्हिसावर असल्याने त्यांच्यातील अनेकांना मताचा अधिकारही नाही. राज्याचा निधी निदान आयकर आणि विक्रीकरातून येतो. तेवढ्यासाठी तरी मी सह्यकडा यांच्या बाजूने आहे.

ताळेबंद

मर्सेडकर, गुणांकनाचा उल्लेख आपणच केलात, तर तो पूर्ण करू या. प्रकल्पात जिल्ह्याने स्वतःचा वाटा जितका अधिक घातला तितके गुण अधिक मिळतात. म्हणजे ज्याच्याकडे स्थानिक रोख्यांचा पैसा आहे तोच राज्याचाही पैसा ओढतो, आणि धागालेखकांना जी दरी बुजवायची आहे ती याच निधीने रुंदावते. शिवाय इमारत बांधायला कर्ज मिळते. पण तिची रोजची निगा, सफाई आणि वीजबिल चालू खर्चातून भागवावे लागते. प्रत्येक नवी इमारत हा त्या कॉलेजच्या पगारपत्रकावर कायमचा भार असतो. त्यापेक्षा राज्याने दरवर्षी रोखीने दुरुस्तीचे पैसे द्यावेत, व्याजही वाचेल.

सह्यकडा

गुणांकनाविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मला अधिक राज्यनिधीच्या विरोधातला वाटत नाही. तो वाटपाच्या नियमाविरुद्धचा आहे. रोखीचा पर्याय मात्र अनुभवाला उतरत नाही. 2022-23 च्या अर्थसंकल्पात राज्याने कॉलेजांच्या रखडलेल्या देखभालीसाठी मोठी रोख रक्कम मंजूर केली आणि पुढच्याच वर्षी महसूल घटताच तिचा मोठा भाग काढून घेतला. कॅलिफोर्नियाचा महसूल श्रीमंतांच्या भांडवली नफ्यावर इतका विसंबून आहे की शेअर बाजार पडला की छपराची दुरुस्ती थांबते. रोख्यांवर व्याज जाते हे खरे, परंतु एकदा मतदारांनी मंजुरी दिली की ती रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही.

ताळेबंद

मग नियमावरच बोलू या. प्रस्ताव 2 ने शाळांसाठी चढती मदत ठेवली आहे: आधुनिकीकरणात राज्याचा वाटा 60 टक्क्यांवरून दुर्बळ जिल्ह्यांसाठी 65 टक्क्यांपर्यंत जातो. कॉलेजांच्या 1.5 अब्जांसाठी तशी पायरी नाही. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा ती असली, तर मी माझा विरोध मागे घेण्याचा विचार करीन.

मर्सेडकर

पाच टक्क्यांची पायरी आमच्या कामाची नाही. 4 कोटींच्या इमारतीत पाच टक्के म्हणजे 20 लाख. राज्याने 65 टक्के दिले तरी उरलेले 1 कोटी 40 लाख लहान जिल्ह्याने आणायचे कोठून? निकष करमूल्य आणि विद्यार्थीसंख्या यांच्या प्रमाणावर ठेवा आणि अगदी तळच्या जिल्ह्यांना स्थानिक वाट्यातून पूर्ण सूट द्या.