रामबागचं घर 🏠 (कुटुंब ग्रुप, शनिवार २८ जून २०२५)

स्वातीवहिनी ८:०४
सुप्रभात सगळ्यांना. इथे अमेरिकेत रात्रीचे साडेदहा झालेत, पण झोप उडाली आहे. मृण्मयीचा मेडिकलचा अर्ज तपासून आला. कॉलेजच्या मार्कशीटवर सरासरी ४ पैकी ३.७० आहे, यांनी केला ३.६६. सायन्सचा आम्ही ३.६० धरून चाललो होतो, तो निघाला ३.५३. आता कुणाशी भांडायचं?

सुमनआत्या ८:०६
🌺 शुभ शनिवार. जय बजरंगबली 🌺

मधुकाका ८:०९
"यांनी" म्हणजे कोणी?

विनायक ८:१२
काका, अ‍ॅमकास म्हणून आहे. इथल्या बहुतेक एमडी, म्हणजे डॉक्टरकीच्या कॉलेजांचा अर्ज तिथेच भरायचा. कॉलेजने काढलेली सरासरी ते जशीच्या तशी घेत नाहीत. एकेक विषय घेऊन आपल्या पट्टीने परत मांडतात. ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३, सी २. त्याला विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे वजनाने, गुणायचं. बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताची सरासरी वेगळी काढतात.

स्वातीवहिनी ८:१४
ते माहीत होतं हो. प्रश्न त्या सीचा आहे. सेकंड इयरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आला होता तो. सगळ्यांना आठवत असेलच, बराच गाजला होता. ती परत बसली, ए आणला. कॉलेजने सी सरासरीतून काढून टाकला. आणि यांनी तो उकरून परत धरला!

सुमनआत्या ८:१७
परत परीक्षा दिली की जुना मार्क खोडायचा असतो. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं आहे. त्यांना तसं पत्र लिहा.

निखिल ८:१८
आत्या, पत्र मोडीत लिहूया, म्हणजे घाबरतील 😂

मधुकाका ८:१९
निखिल, गप्प बस. विनायक, एकूण क्रेडिट किती? तो विषय किती क्रेडिटचा?

विनायक ८:२१
एकूण १२०, काका. सायन्सचे त्यातले ६०. ऑरगॅनिक ४.

प्राची ८:२४
वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तिथे चार वर्षांची सरासरी तरी बघतात. आमच्याकडे नीटचा ७२० मार्कांचा एकच पेपर, १८० प्रश्न, तीन तास. एक गोळा चुकीचा काळा केला की येणारे ४ गेले आणि वर १ कापला. त्यात ४ मेच्या वादळात इंदूरच्या किती सेंटरांवर लाइट गेली, ते सगळ्या शहराने बघितलं. केस हायकोर्टात गेली.

स्वातीवहिनी ८:२६
प्राची, मी तुलना करत नव्हते गं.

प्राची ८:२६
मीही नाही. सहज सांगितलं.

सुमनआत्या ८:२८
तिचे बारावीचे मार्क फार छान होते. ते धरा म्हणावं.

प्राची ८:२९
आत्या, बारावीचे इथेही मेरिटला धरत नाहीत. ओपनला पीसीबीत ५० टक्के असले की झालं, पुढे सगळं नीटवर.

निखिल ८:३१
पण एक बात आहे भिया. नीटमध्ये ड्रॉप घेतला, म्हणजे वर्ष थांबून परत बसलं, की मागच्या वर्षीचे मार्क कोणी विचारतही नाही. पाटी कोरी. त्या हिशेबाने ओजसचं मृण्मयीपेक्षा बरंच आहे.

प्राची ८:३२
निखिल, ओजसच्या ड्रॉपचा विषय ग्रुपवर नको, हे मागेच ठरलं होतं.

निखिल ८:३२
मी चांगल्याच अर्थाने म्हटलं 🙏

प्राची ८:३३
चांगल्या अर्थाने दिवाळीतही म्हटलं होतंस.

मधुकाका ८:४१
📷 फोटो
लाइटच्या बिलामागे मांडलं आहे, नीट बघा. १२० गुणिले ३.७० म्हणजे ४४४. त्यात सीचे ४ गुणिले २ म्हणजे ८ मिळवा, झाले ४५२. भागिले १२४. उत्तर ३.६५. सायन्स : २१६ अधिक ८, २२४. भागिले ६४. बरोबर ३.५०. म्हणजे तो सी पाच पैशांचा आहे. त्यासाठी झोप उडवायची गरज नाही.
पण त्यांचे आकडे ३.६६ आणि ३.५३ आहेत. माझ्यापेक्षा जास्त. हे कसं?

विनायक ८:४३
काका, जास्त आहे ना, मग राहू द्या.

मधुकाका ८:४४
राहू द्या कसं? बँकेत एक पैसा जुळत नव्हता म्हणून आम्ही रात्री दहापर्यंत बसलो आहोत. आणि हिशेब निघालाच आहे तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचाही काढू. पाऊस सुरू झाला आहे. मागची खोली परत गळते आहे. शैलेशचा वाटा आला, निखिलचा अर्धा आला. बाकी ज्याचं त्याला माहीत.

निखिल ८:४५
अर्धा नाही काका, पाऊण.

विनायक ८:४६
काका, मी मार्चमध्येच म्हटलं होतं, कोटेशन पाठवा.

मधुकाका ८:४६
पाठवलं होतं. याच ग्रुपवर. अंगठा दाखवला होतास 👍

सुमनआत्या ८:४८
परत परीक्षा दिली की जुना मार्क खोडायचा असतो. पत्र लिहा.

मृण्मयी ८:५२
नमस्कार. मी सगळं वाचते आहे. मधुआजोबा, तुमचं गणित बरोबर आहे, फक्त एक कोर्स राहिला. मी हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस केलं होतं. ४ क्रेडिट, ए. माझ्या कॉलेजने तो सरासरीत घेतला नव्हता. अ‍ॅमकास घेतं. शाळेत असताना केलेला असला तरी कॉलेजचा कोर्स तो कॉलेजचा.

मधुकाका ८:५५
४५२ अधिक १६, ४६८. भागिले १२८. ३.६५६, म्हणजे ३.६६. ✅
सायन्स २४० भागिले ६८. ३.५३. ✅
जुळलं! शाब्बास. हे आईला आधी का नाही सांगितलंस?

मृण्मयी ८:५६
सांगितलं होतं.

स्वातीवहिनी ८:५७
सांगितलं असेल. मी त्या सीकडेच बघत बसले होते. पण प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी साधारण ३.८ असते, त्याचं काय?

निखिल ८:५९
वहिनी, मी ५६ दुकानावर पोहे खाता खाता शोधून काढलं. टेक्सासचं वेगळं पोर्टल आहे, तिथे प्लस-मायनस मोजतच नाहीत. ए मायनस म्हणजे पूर्ण ४. टाक अर्ज!

मृण्मयी ९:०१
निखिलकाका, ते खरं आहे. पण तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये निदान ९० टक्के जागा टेक्सासच्याच मुलांना असतात. आणि सी तिथेही सीच.

प्राची ९:०२
म्हणजे तिकडेही डोमिसाइल आहे तर! मला वाटायचं, हे आपल्याकडेच. ८५ टक्के स्टेट कोटा आणि मूळनिवासीच्या दाखल्यासाठी चकरा.

सुमनआत्या ९:०४
जुना मार्क खोडणारं एकही कॉलेज नाही का त्या एवढ्या मोठ्या देशात?

मृण्मयी ९:०६
होती, आजी. डीओ म्हणून दुसरी डिग्री असते, तेही पूर्ण डॉक्टरच. त्यांच्या अर्जात परत केलेल्या विषयाची नवी ग्रेडच धरायचे. २०१७ मध्ये तेही बंद झालं. आता दोन्हीकडे सगळं मोजतात. पण ग्रेड वर्षवार दिसतात, आधी सी आणि नंतर सगळे ए, हे वाचणाऱ्याला कळतं.

सुमनआत्या ९:०७
मी शिकवायचे तेव्हा खोडायचो.

विनायक ९:०९
काका, गच्चीचे आजच पाठवतो. आकडा परत टाका.

मधुकाका ९:०९
वर सरकव. १४ मार्च. पाठवलेस की इथे लिही, खासगीत नको.

ओजस ९:११
मृण्मयीताई, तुमच्या प्रवेश परीक्षेत, एमकॅटमध्ये, तुला किती?

मृण्मयी ९:११
५१४. ५२८ पैकी.

ओजस ९:१२
आणि निगेटिव्ह मार्किंग?

मृण्मयी ९:१२
एमकॅटला नसतं.

ओजस ९:१२
मग तुम्ही लोक सकाळपासून रडताय कशाला 😭

प्राची ९:१३
ओजस, तू ग्रुपवर काय करतो आहेस? फोन ठेव. नाश्ता थंड होतो आहे.