चर्चा: ‘मोठ्या नंबरचं कार्ड घ्या, बाकी नंतर बघू’ हा सल्ला देणं थांबवा

पोत_आणि_प्रकाश
काल इथे एकाने लिहिलं, “गेम डेव्हलपमेंट शिकायचंय? बजेटमध्ये बसेल ते सगळ्यात मोठ्या नंबरचं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घ्या, बाकीचं नंतर बघता येतं.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सात वर्षं अनरिअल या गेम इंजिनमध्ये एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे गेममधला परिसर उभा करायचं काम करतेय, त्यातली पाच लॅपटॉपवर. याच सल्ल्यापायी माझे पैसे पाण्यात गेलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅपटॉपमधल्या कार्डाचा नंबर अर्धीच गोष्ट सांगतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपवर १२ जीबी मेमरी घेऊन येतं. त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड ८ जीबीचं, म्हणजे लॅपटॉपच्या ४०६० इतकंच. पुढच्या पिढीतही लॅपटॉपची ५०६० आणि ५०७० दोन्ही ८ जीबीचीच आली, १२ हवी तर ५०७० टीआय. बरं, तेच कार्ड किती वॅटवर चालवायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ४०६० काय आणि ४०७० काय, ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकतं. पातळ, देखण्या मशीनमधलं ४०७० जाडजूड मशीनमधल्या ४०६० च्या मागे पडू शकतं, आणि जास्त पैसे आपण पहिल्याला मोजलेले असतात.

माझ्या जुन्या लॅपटॉपला कार्ड मोठं होतं. रॅम १६ जीबी, बोर्डावरच सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणारे छोटे प्रोग्राम, कंपाइल होताना काम पडतं प्रोसेसरच्या कोअर्सवर आणि रॅमवर, कार्ड बसून असतं. कोपऱ्यातला ‘शेडर्स बाकी’ चा आकडा पाच हजारांवर अडकलेला, आणि डब्ल्यूच्या बटणाखाली एवढी धग, की मधलं बोट उचलून धरावं लागायचं.

दुसरा चटका स्क्रीनचा. एका गावदेवाच्या दगडाला शेंदूर लावत होते. माझ्या स्क्रीनवर तो विटेसारखा मळकट दिसे, म्हणून रंग चढवत गेले. टीमच्या लीडच्या मॉनिटरवर उघडला तर दगड पेटल्यासारखा भगभगीत! दोन दिवसांचं काम परत. माझा पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंग दाखवणारा होता. खोक्यावर हा आकडा दिसला तर तिथूनच परत फिरा, १०० टक्के एसआरजीबी (नेहमीच्या रंगांचा पूर्ण पल्ला) बघा.

माझ्या मते आधी ३२ जीबी रॅम, निदान तेवढी वाढवता येईल अशी. मग थंड राहण्याची सोय, मग स्क्रीन, मग दुसऱ्या एसएसडीची जागा. कार्ड त्यानंतर.

मनोरा
तपशील बरोबर, निष्कर्ष चूक. हे सगळं वाचून माणसाने डेस्कटॉप घ्यायला हवा, आणि तो शब्द तुमच्या पोस्टमध्ये फक्त तुलनेपुरता येतो. तेवढ्याच पैशांत १२ जीबीचं कार्ड येतं, रॅम पुढे ६४ जीबीपर्यंत वाढवता येते, मोठा पंखा येतो, आणि काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलता येतो. माझी कॅबिनेट २०१८ ची आहे. आत दोनदा कार्ड बदललं, एकदा बोर्ड. या काळात माझ्या मित्राने तीन लॅपटॉप घेतले. तिसऱ्याची बिजागरी तुटली आणि स्क्रीन दोरीने बांधून तो काम करतो. नवख्या पोरांना लॅपटॉप सुचवणं हीच मुळात चूक आहे.

वरूडचा_संत्री
मनोरा, डेस्कटॉप कुठे ठेवून चालवायचा तेवढं सांगा. मी वरूड तालुक्यात राहतो. मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत कूलर. लेव्हलचा लाइट बेक, म्हणजे प्रकाश-सावल्या आधीच मोजून साठवायचं काम, लावला होता, पावणेचार तास झालेले, आणि लाइन गेली. बेक अर्ध्यातून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून लावावा लागतो. असं एका आठवड्यात तीनदा झालं. चौथ्या दिवशी डेस्कटॉप भावाला दिला.

मनोरा
यूपीएस लावायचा. १ केव्हीएचा घेतला तर सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. विजेच्या तक्रारीचा आणि मशीन निवडण्याचा काय संबंध?

वरूडचा_संत्री
संबंध कसा नाही? आमच्याकडे लाइन नुसती जात नाही, पडते. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा रेंगाळतो. तेवढ्यानेच यूपीएस बॅटरीवर जातो, दिवसातून वीस-वीस वेळा. एका उन्हाळ्यात बॅटरी फुगली, झाकण वर आलं होतं. लॅपटॉपच्या चार्जरवर बघा, १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. व्होल्टेज पडलं तरी तो चालत राहतो, लाइन गेली तर खाली बॅटरी आहेच. शहरात बसून ‘काय संबंध’ म्हणणं सोपं आहे.

मनोरा
मी सोलापूरचा आहे, ऊन आणि लाइन दोन्ही मला नवीन नाहीत. चांगल्या एसएमपीएसवरही (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) १०० ते २४० च छापलेलं असतं. तुम्ही कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस वापरला असणार. आणि बॅटरीवर लॅपटॉपचं कार्ड किती पळतं? २३० वॅटच्या चार्जरची वीट काढली की जीव निम्म्याहून खाली येतो. तुमचा बेक बॅटरीवर संपतो का, खरं सांगा.

वरूडचा_संत्री
नाही संपत. पण मरतही नाही. बेक थांबवायचा की रेटायचा हे ठरवायला मला अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात लाइन येते. एसएमपीएस साधाच होता, हे खरं. पण मग डेस्कटॉपच्या भावात चांगला एसएमपीएस, यूपीएस आणि दर दोन वर्षांनी त्याची बॅटरी, हेही धरा ना! ते कुणीच धरत नाही.

सहाबाय_आठ
वीज राहू द्या, जागेचं बोला. मी पुण्यात पीजीमध्ये तिघांत राहतो. टेबल दीड हात. मालकाने सांगितलंय, मोठं मशीन लावलं तर विजेचं वेगळं बिल. दिवाळीला, गणपतीला गावी जाताना कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊ का? वर्गात रोज प्रोजेक्ट दाखवायचा असतो. डेस्कटॉप घ्या म्हणणाऱ्यांचं स्वतःचं घर असतं, हे मी कायम बघतोय.

मनोरा
घराचा टोमणा अनाठायी आहे. दहा वर्षं मीही भाड्याने राहिलो. पीजीत राहणाऱ्याला लॅपटॉपच घ्यावा लागेल, हे मान्य. तरी कोर्स संपून नोकरी लागल्यावर पहिला पगार डेस्कटॉपमध्ये घालावा, यावर मी ठाम आहे.

मांडवीकाठी
सगळेजण एनव्हिडिया या एकाच कंपनीची कार्डं मोजताय. मी पणजीला मोशन ग्राफिक्स आणि छोटे मोबाइल गेम करते, मॅकवर, ३६ जीबी मेमरी. ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना सामाईक आहे, त्यामुळे ८ जीबीच्या कार्डाला न पेलणारा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा सीन माझ्याकडे उघडतो. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनला २०२२ पासून मेटलचा, म्हणजे ॲपलच्या ग्राफिक्स तंत्राचा, आधार आहे. बॅटरीवर वेगही पडत नाही, वरूडकरांनी याचा विचार करावा. आणि आयफोनसाठी गेम बिल्ड करायचा तर एक्सकोड हे ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं, ते मॅकशिवाय नाही.

पोत_आणि_प्रकाश
स्टुडिओत नोकरी हवी असणाऱ्याला मॅक सुचवू नका हो. थ्रीडीएस मॅक्स हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. कन्सोलचं काम विंडोजवर. अनरिअलचे कितीतरी प्लगिन विंडोजपुरतेच लिहिलेले असतात. रेंडरचं म्हणाल तर सीन मेमरीत मावणं वेगळं आणि भराभर रेंडर होणं वेगळं. सीन ८ जीबीत मावत असेल तर ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाचं रेंडर तंत्र) चालणारं कार्ड फार पुढे जातं. आमच्याकडे एक हुशार मुलगी मॅक घेऊन आली होती. पहिले तीन आठवडे तिने ऑफिसचं मशीन मिळायची वाट बघण्यात घालवले.

मांडवीकाठी
ऑफिसने मशीन वेळेवर दिलं नाही हा मॅकचा दोष कसा? मोबाइल गेम हे गेम नाहीत असं तुम्हाला म्हणायचंय का? एकट्याने काम करणारे आम्ही खूप आहोत, आणि तुमची सगळी यादी स्टुडिओवाल्यांसाठी आहे.

पोत_आणि_प्रकाश
असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. आयफोनच्या बिल्डसाठी मॅक लागतो, ते मी लिहायला हवं होतं. राहिलं. पण त्यासाठी साधा मॅक मिनी कोपऱ्यात ठेवला तरी भागतं, रोजचं मशीन मॅक असायची गरज नाही.

लेकीचा_बाबा
नमस्कार. मी जळगावचा, यातलं फारसं कळत नाही. मुलगी जूनपासून पुण्यात गेम आर्टच्या कोर्सला जाणार आहे. संस्थेने दिलेल्या यादीत आय ९ आणि ४०८० लिहिलंय. फी भरून झालीये, एवढ्या लॅपटॉपसाठी वेगळं कर्ज काढावं लागेल. काढू का?

पोत_आणि_प्रकाश
दादा, कर्ज काढू नका. अनरिअलच्या शिफारशीतही ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं कार्ड एवढंच आहे. पहिलं वर्ष तसंही मॉडेलिंग, टेक्श्चर आणि मूलभूत गोष्टींत जातं. शिवाय गेम खेळणाऱ्या लोकांकडे ४०८० नसतं. गेम विकणाऱ्या स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत लॅपटॉपचं ४०६० वरच्या ओळींत असतं. तेवढ्या मशीनवर लेव्हल पळवायची सवय तिला आत्तापासून लागू दे, ती जन्मभर कामाला येईल. प्रोसेसर आय ९ ऐवजी आय ७ किंवा रायझन ७, ४०६० किंवा ५०६०, आणि ३२ जीबी. दुकानात मशीन चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडायला सांगा. तिथे कार्डाचे कमाल वॅट लिहिलेले असतात. १०० च्या खाली असतील तर दुसरं दाखवा म्हणा.

मनोरा
मुलगी पीजीत राहणार असेल तर या बाबतीत ताईंचं ऐका. फक्त दोन वर्षांची वॉरंटी वाढवून घ्या, आणि ती घरी येऊन दुरुस्त करणारी आहे ना, हे लेखी घ्या. माझ्या पुतण्याचा लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर सेवा केंद्रात अडकला होता, २६ दिवस.

लेकीचा_बाबा
आज जाऊन आलो. दुकानातल्या मुलाला वॅटचं माहीत नव्हतं, पण त्याने उघडून दाखवलं. पहिल्यात ७५ निघाले, दुसऱ्यात ११५. दुसरा जाड आहे आणि अडीच किलोचा आहे, मुलीने उचलून बघितला, चालेल म्हणाली. स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी. रॅम मात्र १६ आहे, वाढवता येते असं तो म्हणाला.

मनोरा
१६ ची एकच पट्टी आहे की ८-८ च्या दोन?

लेकीचा_बाबा
८-८ च्या दोन. जागा दोनच आहेत.

मनोरा
मग ३२ करताना त्या दोन्ही काढाव्या लागतील आणि १६-१६ च्या दोन घ्याव्या लागतील. दुकानदाराला म्हणा, ८ च्या पट्ट्या परत घे आणि तेवढे कमी कर. बिल व्हायच्या आधीच बोला, नंतर तो ऐकणार नाही.