मदत हवी आहे: वजन कमी करायच्या स्लीव्ह ऑपरेशनला साडेसात महिने झाले, सात आठवडे काटा जागचा हलत नाहीये

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी ४२, नाशिकला असते, बँकेत नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची. जानेवारीत संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात स्लीव्ह करून घेतली (जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात ती, आतड्याला हात लावत नाहीत). तेव्हा वजन ११८, उंची ५ फूट २, शुगर, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. जुलैच्या मध्यापर्यंत ९१ वर आले, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, त्यामुळे ऑपरेशनचा पश्चात्ताप वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगते.

पण त्यानंतर ९१, ९०.६, ९१.२, परत ९१. सात आठवडे! रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि दिवसच खराब जातो. काटा बिघडला असेल म्हणून नवऱ्याने स्वतःचं वजन करून बघितलं, त्याचं बरोबर आलं.

खाणं म्हणाल तर खरंच चिमणीएवढं आहे हो. सकाळी चहा आणि अर्धी वाटी उपमा, दुपारी अर्धी पोळी, पाव वाटी भाजी, अर्धी वाटी वरण, रात्री मुगाची खिचडी किंवा भगर आणि पेलाभर ताक. मधे भूक लागली तर मूठभर दाणे किंवा दोन मारी. प्रोटीन पावडर सुरुवातीला घ्यायचे, आता वासानेच मळमळतं म्हणून बंद केली. गोड खाल्लं तरी मला काही होत नाही (माझ्या एका मैत्रिणीचं वजनाचंच दुसरं ऑपरेशन, जठराचं बायपास, झालंय, तिला दोन घास शिऱ्याने घाम फुटतो आणि छाती धडधडते), त्यामुळे गणपतीत मोदक झाले, किती ते मोजले नाहीत.

चालायला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायचे रोज ४५ मिनिटं, पण पावसात ते सुटलंच. केस मूठमूठ गळत होते ते आता कमी झालंय.

सासूबाई म्हणतात एवढे पैसे घालून एवढंच का उतरलं. सर्जनकडे पुढची तारीख ऑक्टोबरची आहे. माझं ऑपरेशन फेल गेलं का? जठर परत मोठं झालं असेल का? अजून कमी खाऊ का? प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, माझं बायपास होऊन तीन वर्षं झाली. फेल वगैरे काही नाही, सगळ्यांचं थांबतं, माझं दोनदा थांबलं. एक थांबतं तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, ते बहुतेक पाण्याचं असतं, तुमचं ते नाही. तुमचं आता असं आहे की २७ किलो कमी झालेलं शरीर चालवायला इंधनच कमी लागतं, नुसतं पडून राहिलात तरी दिवसाला अंदाजे अडीच-पावणेतीनशे कॅलरी कमी जळणार. म्हणजे मार्चमध्ये ज्या खाण्यावर उतरत होतं त्याच खाण्यावर आता टिकून राहणार.

माझी चूक सांगतो. घास अडकेल असं जड खाणं नको वाटायचं म्हणून चिवडा, खारी, बिस्किटं असलं सरकन खाली उतरणारं खायला लागलो. चिकनचे चार तुकडे खाल्ले की पोट तुडुंब, पण चिवडा तासभर खात बसलं तरी भरतच नाही. त्यात ९ किलो परत चढले. तुमचे दाणे आणि मारी तेच आहे.

प्रतिसाद

ऑपरेशन करायलाच नको होतं. कोमट पाणी, मध, लिंबू, आणि सूर्यनमस्कार. माझ्या वहिनीचे ६ किलो गेले.

प्रतिसाद

वरच्यांकडे लक्ष देऊ नका. ताई एक विचारू का, तुम्ही अंडी-चिकन खाता की नाही? कारण तुमच्या यादीत एकदाही आलं नाही. आणि काटा थांबला जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे श्रावण लागला तेव्हाच!

मी आत्ता बोटांवर हिशोब केला. चहातलं दूध, उपमा, पोळी, वरण, खिचडी, ताक आणि ते दाणे सगळं धरून तुमचं प्रोटीन जेमतेम ३० ग्रॅम होतंय, आणि आपल्याला ६० ते ८० सांगितलेलं असतं. वरणाचं पाणी म्हणजे प्रोटीन नव्हे हे आपल्याकडे कोणाला पटतच नाही. त्यामुळे अजून कमी खाऊ नका, उलट ताट फिरवा: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळी. अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८. पावडरचा वास नको तर बिनवासाची येते, ती ताकात किंवा धिरड्याच्या पिठात घाला. आणि जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास गॅप.

नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत, जिम नको, घरात खुर्चीवरून हात न टेकता उठाबसा आणि रबरी बँड, आठवड्यातून तीनदा. काटा आठवड्यातून एकदाच, आणि कमरेला टेप लावा. बी१२, आयर्न, डी, थायरॉइड तपासून घ्या, ऑक्टोबरची वाट बघू नका, फोन करून आधीची तारीख मागा.

धागाकर्ती

बाई गं. श्रावणाचं डोक्यातच आलं नव्हतं. एरवी रोज दोन अंडी आणि संध्याकाळी चिकन सूप किंवा मासा असायचा, ते आषाढ संपताच बंद केलं ते गणपती उठेपर्यंत. वर सोमवार-शनिवार उपास, म्हणजे साबुदाणा, आणि मला वाटत होतं उपास केला म्हणजे कमीच खाल्लं.

टेप लावली. मेमध्ये ब्लाउज शिवताना कंबर १०४ होती, आज ९९. म्हणजे अगदीच काही झालं नाही असं नाही. दवाखान्यात फोन केला, पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली, रक्त आधी द्यायला सांगितलंय. खुर्चीवरून उठाबसा १२ झाल्या, तेराव्याला खुर्चीच सरकली.

मध-लिंबूवाले दादा, वहिनींचं अभिनंदन.

आता खरा प्रश्न. परवा विसर्जन झालं, पितृपक्ष संपला की नवरात्र, आमच्याकडे घटाला नऊ दिवस सगळ्या बायका उपास धरतात. दही, पनीर, राजगिरा यावर ६० ग्रॅम जमतं का? आणि नसेल जमत तर मी धरणार नाही हे सासूबाईंना कोणत्या शब्दांत सांगू, ते कोणीतरी लिहूनच द्या.