मदत हवी आहे: बाणछाप घड्याळाच्या काचेत आतून वाफ

दांडी_मालवण: डर्टी डझनमधलं (बारा कंपन्यांनी ब्रिटिश लष्करासाठी बनवलेली, बाणाचा शिक्का असलेली घड्याळं) एक आहे, 1945 चं. चार दिवस झाले, एसीत बसलं की दहा मिनिटांत काचेवर आतून धुकं. तांदळाच्या डब्यात ठेवून झालं, फरक शून्य. लवकर सांगा.

किल्लीबहाद्दर: बारा कंपन्यांपैकी कोणाचं? झाकण आट्याचं की दाबून बसणारं? शेवटचं कधी उघडलं? आणि तांदळातून आधी काढा. तांदूळ ओलावा ओढतो नावापुरता, पीठ मात्र चावीच्या (किल्ली द्यायच्या बोंडाच्या) भोकापर्यंत पोचतं.

भाट्याची_खाडी: पट्टा कसला आहे? या घड्याळांच्या पट्टा अडकवायच्या दांड्या घड्याळाच्या केसला पक्क्या असतात, स्प्रिंगबार (काढता येणारी दांडी) नाही. आपल्याकडे पावसात चामड्याला बुरशी येणारच. 18 मिमीचा एकसंध नायलॉन घ्या, दांड्यांखालून ओवायचा.

दांडी_मालवण: पट्ट्याचं विचारलंच नव्हतं. सायमा आहे, आट्याचं झाकण. गेल्या आठवड्यात ऑइलिंग झालं, टाइम चोख देतंय.

किल्लीबहाद्दर: हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! पावसात उघड्या खिडकीपाशी झाकण लावलं की दमट हवा आत कोंडते. काच गार पडली की तीच तिच्यावर बसते. झाकणाची रबरी रिंग नवी टाकली का?

दांडी_मालवण: विचारलं नाही.

किल्लीबहाद्दर: मग जुनीच असणार. आज एवढं करा: चावी काटे फिरवायच्या जागेपर्यंत ओढा, म्हणजे मशीन श्वास घेईल. हवाबंद डब्यात 50 ग्रॅम सिलिका जेल, नारंगी दाण्यांचं, तीन दिवस. दाणे हिरवे झाले तर ओव्हनमध्ये 120 अंशाला दोन तास. घड्याळ मात्र उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नको. काच अ‍ॅक्रिलिकची आहे, शिवाय गरम झालेलं तेल पसरतं. मग पुन्हा उघडून झाकणाची रिंग आणि चावीतलं गॅस्केट (पाणी अडवणारी चकती), दोन्ही नवी. जुनं गॅस्केट दगडासारखं कडक होऊन चुरा होतं. खोलीत एसी तासभर आधी चालू हवा, आर्द्रता 50 टक्क्यांखाली. धुक्याऐवजी थेंब दिसले तर तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी उघडा. खारं पाणी स्टेमला (चावीच्या आतल्या काडीला) काही तासांत गंज आणतं.

रेडियम_राव: हवाबंद डबा सांगताना अर्धंच सांगितलंत. तबकडीवर अंधारात चमकणारा मूळ रंग असेल तर तो किरणोत्सारी रेडियमचा. त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, बंद डब्यात साठतो. डबा ओटीवर उघडा, खोलीत नाही.

किल्लीबहाद्दर: एका घड्याळासाठी एवढं घाबरवायची गरज नाही.

रेडियम_राव: घाबरवत नाही, खिडकी उघडा म्हणतोय. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नाही. थकलंय ते रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं. उघडल्यावर काट्यांवर फुंकर मारू नका, खरा धोका त्या भुकटीचा. साठीच्या दशकात लष्करानेच तबकडी बदलली असेल तर गोलातला टी दिसेल, म्हणजे रेडियमऐवजी ट्रिटियमचा रंग. त्याला रेडॉनची भानगड नाही.

एचएमटी_प्रेमी: असल्या कटकटीपेक्षा एचएमटी जवान घ्या. फक्त मुंबईत नव्याने रंगवलेल्या तबकड्यांपासून सावध.

दांडी_मालवण: जवान नको, सायमा वाचवायचंय. गोलातला टी नाही. रंग तपकिरी पडलाय.

रेडियम_राव: मग रेडियम धरूनच चला.

दांडी_मालवण: सिलिका आणली. पण इथे पावसात लाईट जाते, एसी मध्येच बंद पडला तर?

किल्लीबहाद्दर: झाकण टेकवून थांबायचं. लाईट आली, आर्द्रतेच्या मीटरवर पुन्हा 50 च्या खाली दिसलं की मगच आटे फिरवायचे. आणि झाकणावरच्या बाणाला पॉलिश मारू नका असं घड्याळजीला आधीच बजावून ठेवा.