छोट्या हत्तीलाही बॅजवालाच ड्रायव्हर का?

घाटमाथा:
भाचा ड्रायव्हरकीसाठी चाकणला तीन ठिकाणी जाऊन आला. वय २३, कारचं लायसन्स चार वर्षांचं, गावी भाजीचा पिकअप चालवलेला. तिन्हीकडे एकच प्रश्न, "बॅज आहे का?" बॅज म्हणजे लायसन्सवरची मालवाहू गाडीची वेगळी नोंद. एकाने तर आठवीची मार्कशीटही मागितली. ती अट केंद्राने २०१९ मध्येच काढली! बरं, गाडी कोणती, तर छोटा हत्ती, लहानसा टेम्पो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय, मालासकट वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या गाडीच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद नको. मग पोरांना अडवायचं कशाला?

गाडीमालक७२:
कारण हप्ते मी भरतो. २०१६ मध्ये माझ्या ड्रायव्हरने एकाला उडवलं. माणूस वाचला, नशीब. विमा कंपनी म्हणाली, लायसन्स कारचं आहे, मालवाहूचं नाही. भरपाई त्यांनी दिली आणि माझ्याकडून वसूल केली. दोनातली एक गाडी विकावी लागली.

रिकामटेकडा:
कोर्टात हेच तर भांडण होतं. २०१७ मध्ये तीन न्यायाधीशांनी असाच निकाल दिला, विमा कंपन्या मोठ्या पीठापर्यंत गेल्या आणि तिथंही हरल्या. अशा लायसन्समुळे अपघात वाढतात याची आकडेवारी समोर आली नाही, हेही निकालात आहे.

गाडीमालक७२:
असेल. क्लेम अडकला की वकील मलाच लावायचा ना?

दुचाकीवाली:
मी मालकांच्या बाजूने. रिकामी कार आणि गळ्यापर्यंत भरलेला पिकअप एकसारखा थांबत नाही. दिवे घाटात असला पिकअप मागून आला की पोटात गोळा येतो.

घाटमाथा:
पण बॅज देताना कोणी भरलेली गाडी घाटातून उतरवून बघतं का? एजंटला पैसे मोजले की झालं. चाचणी घ्यायचीय तर मालकाने स्वतः घ्यावी, ते पटतं.

गाडीमालक७२:
हे बरोबर बोललात. पाठवा भाच्याला. यवतपर्यंत एक भरलेली फेरी माझ्या शेजारी बसून मारू दे. तोवर विमावाल्याकडून लेखी मागतो.

घाटमाथा:
आणि त्याने लेखी दिलं नाही तर?

गाडीमालक७२:
मग बॅज काढावा लागेल, भाऊ.